अकरा नंबरचा श्वास

उन्हाळा दर वर्षी येतो आणि यंदासारखा पाहिला नाही, असं माणसं दर वर्षी म्हणतात. त्या वर्षी मात्र म्हणणाऱ्यांचं खरं होतं. विहिरीचं पाणी खडकाला टेकलं होतं. मोटर लावली की अर्ध्या तासात पाइप नुसती हवा ओकायला लागायचा, मग बाबांनी हातातलं काम टाकून धावत जायचं आणि बटण बंद करायचं, नाहीतर मोटर जळायची. गोठ्यात पाच गाई, त्यातल्या तीन दुभत्या. माणसाला दोन तांबे कमी प्यायला सांगता येतं, गाईला काय सांगणार? म्हणून आई उजाडायच्या आत सायकलच्या दोन्ही बाजूंना कॅन बांधून खालच्या ओढ्यातल्या झऱ्यावर जायची, आणि ऊन चटकायला लागेपर्यंत तिच्या पाच खेपा व्हायच्या. भरलेल्या कॅनांची सायकल चालवता येत नाही, नुसती ढकलावी लागते. मुठी धरून धरून तिच्या तळहातांना घट्टे पडले होते.

घरात तिसरं माणूस असतं तर बरं झालं असतं, असं बाबा रोज वैरण कापताना म्हणायचे. तिसरं माणूस शिकायला गेलंय, ते शिकू दे, असं आई रोज म्हणायची. आणि एका मंगळवारी भर दुपारी ते तिसरं माणूस बॅग घेऊन दारात उभं राहिलं.

थोरलीचं लग्न होऊन सहा वर्षं झाली होती, पण धाकटीचं नाव घरात धाकटीच राहिलं होतं. नर्सिंगच्या दुसऱ्या वर्षाला होती. सुट्टीला अजून महिना होता. आईने तिच्याकडे एकदा आणि बॅगेकडे एकदा पाहिलं, पाणी दिलं आणि काही विचारलं नाही. बाबांनी मात्र आनंदाने हातातला कोयता खाली ठेवला आणि बरी आलीस, म्हणाले.

संध्याकाळच्या धारा झाल्यावर धाकटीने बॅगेतून पाकीट काढून बाबांच्या हातात दिलं. बाबा अक्षर अक्षर लावून वाचणारे. त्यांनी गोठ्याच्या दिव्याखाली उभं राहून पत्र वाचलं, मग परत पहिल्यापासून वाचलं. वॉर्डातल्या एका पेशंटच्या नोंदींबाबत चौकशी आहे, विद्यार्थिनीला सोमवारपर्यंत घरी पाठवलं आहे, सोमवारी पालकांनी तिला घेऊन प्राचार्यांना भेटावं, असं त्यात होतं.

धाकटीने प्रकरण सांगितलं. अकरा नंबरच्या पेशंटची सकाळी आठ वाजताची नोंद तिने केली होती. श्वास मिनिटाला वीस, म्हणजे ठीकठाक. साडेनऊला वॉर्डच्या मोठ्या सिस्टर त्याच्याकडे गेल्या, तेव्हा त्याचे ओठ निळे पडले होते. धावपळ झाली, त्याला अतिदक्षता विभागात नेलं, तो वाचला. आता प्रश्न असा होता की माणूस आठलाच धापत होता, की आठनंतर बिघडला? आठला वीस श्वास होते हे खरं धरलं, तर पुढचा दीड तास त्याच्याकडे कोणी पाहिलं नाही असा अर्थ होतो, आणि तो दोष मोठ्या सिस्टरांचा. तसं ठरलं तर त्यांना वॉर्डवरून काढणार होते.

बाबांनी विचारलं, तू होतीस ना त्याच्यापाशी? धाकटी म्हणाली, होते. हात धरून उभी होते, सगळ्या वॉर्डाने पाहिलंय.

खोटं असं एकही वाक्य ती बोलली नाही. तिची हुशारी होती ती एवढीच, आणि तिची तिलाच शिसारी आली. बाबांनी पत्राची घडी घातली. "म्हणजे त्या बाईंनी लक्ष दिलं नाही आणि आता तुझ्यावर ढकलतायत," ते म्हणाले. "मी येतो सोमवारी. बघतो."

धाकटी हो म्हणाली नाही. नाहीही म्हणाली नाही.

आता त्या सकाळी खरं काय झालं, ते सांगायला हवं.

श्वास मोजायची नर्सांची एक रीत असते. पेशंटला सांगून मोजलं तर तो सावध होतो, मुद्दाम सावकाश श्वास घेतो आणि आकडा चुकतो. म्हणून आधी मनगट धरून नाडी मोजायची, आणि ती मोजून झाली तरी मनगट सोडायचं नाही. बोटं तिथेच ठेवून, नाडीच मोजतोय असं दाखवत, डोळे हळूच छातीवर न्यायचे आणि एक आख्खं मिनिट तिची वरखाली मोजायची. पहिल्या वर्षी ट्यूटर मॅडमनी हे शिकवलं, तेव्हा धाकटीला फार गंमत वाटली होती. सरकारमान्य नाटक आहे, असं ती घरी येऊन म्हणाली होती आणि आईच्या मनगटावर ते करूनही दाखवलं होतं.

यासाठी सेकंदकाटा असलेलं घड्याळ लागतं. धाकटीच्या घड्याळाचा सेल संपला होता आणि तो आज बदलू, उद्या बदलू करत चार महिने लोटले होते. वॉर्डाच्या भिंतीवर घड्याळ होतं, पण सारखी मान वर कोण करणार, हातातल्या फोनमध्ये सेकंद दिसतात की! ड्यूटीवर फोन न्यायला बंदी होती. ट्यूटर मॅडम दारात टोपली घेऊन बसायच्या आणि प्रत्येकीचा फोन जमा करायच्या. पण होस्टेलवर प्रत्येकीकडे टोपलीत टाकायला म्हणून एक जुना, मेलेला फोन होता. मॅडम रोज सकाळी बावीस मेलेले फोन कुलपात ठेवायच्या आणि बावीस जिवंत फोन एप्रनच्या खिशातून वॉर्डात जायचे.

त्या मुली वाईट नव्हत्या. पहाटे पाचला उठायचं, दिवसभर बेडपॅन उचलायची, लोकांचं ओकलेलं पुसायचं, मोठ्यांची बोलणी खायची आणि खोलीवर आल्यावर पाठ टेकायची. अशा वेळी तळहाताएवढ्या काचेत कोणीतरी नाचतंय, कोणीतरी हसवतंय, आणि आपण टाकलेल्या चित्राला कोणी अनोळखी माणूस छान म्हणतंय, याची ओढ कोणाला लागणार नाही? धाकटीची खोलीसोबतीण, सगळ्या जिला चष्मेवाली म्हणायच्या, ती डाव्या हाताने जेवायला शिकली होती, कारण उजवा अंगठा मोकळा नसायचा. धाकटी तिला हसायची. पण सकाळी जमिनीला पाय टेकायच्या आधी तिचाही हात उशीखाली जायचा, आणि पाच मिनिटं म्हणून उघडलेल्या फोनमधून ती बाहेर यायची तेव्हा आंघोळीची रांग संपलेली असायची. दोनदा तिने फोनमधलं ते सगळं काढून टाकलं होतं. दोन्ही वेळा दुसऱ्या दिवशी परत घातलं होतं.

त्या घटनेच्या आदल्या दिवशी तिने एक व्हिडिओ टाकला होता. पांढरा युनिफॉर्म, गळ्यात स्टेथोस्कोप, मान जरा तिरकी, पंधरा सेकंद. सकाळपर्यंत अकरा हजार लोकांनी पाहिला. तिच्या आख्ख्या गावात अकरा हजार माणसं नव्हती.

अकरा नंबरला एक म्हातारे सुतारकाका होते, छातीत कफ भरला म्हणून आलेले. तिने त्यांचं मनगट धरलं. रंधा आणि पटाशी धरून त्यांची कातडी इतकी जाड झाली होती की नाडी चटकन सापडायची नाही. सापडली. डाव्या हातात फोन होता, त्यात सेकंद पळत होते. पंधरा, वीस, आणि वरून पट्टी सरकली: बारा हजार झाले. तिने पट्टीवर अंगठा ठेवला, तो नुसता बघायला. कोणीतरी खाली लिहिलं होतं की अशी नर्स असेल तर मी रोज आजारी पडेन. दुसरीने काहीतरी खवचट लिहिलं होतं, तिला काय उत्तर द्यावं याचा तिने विचार केला. मग कोणाचा तरी दुसराच व्हिडिओ सुरू झाला. तिची बोटं मनगटावरच होती. दुरून कोणी पाहिलं असतं तर किती मन लावून मोजतेय पोरगी, असंच म्हटलं असतं.

मग ती भानावर आली, पुढचे सात पेशंट बाकी आहेत हे तिला आठवलं, आणि तिने चार्टवर लिहिलं: नाडी ऐंशी, श्वास वीस. वीस कुठून आला? कुठूनच नाही. मोजायचा कंटाळा आला की सगळ्याजणी वीसच लिहायच्या. त्या वॉर्डात कागदावर सगळी माणसं वीसच्या चालीनेच जगत होती.

बुधवारी तांबडी गाय खायची थांबली. बाबांनी कासेला हात लावला तर मागचा उजवा भाग तापला होता आणि त्या सडातून दुधाऐवजी गाठी येत होत्या. जनावरांचे डॉक्टर मोटरसायकलवर आले, दोन इंजेक्शनं टोचली आणि म्हणाले की औषधाचं काम अर्धंच आहे, उरलेलं तुमच्या हातात. दिवसभर दर दोन तासांनी कास गरम पाण्याने शेकायची आणि तो सड पिळून पूर्ण रिकामा करायचा. एकही पाळी चुकवायची नाही. आत साचलं की कास दगड होते आणि सड कायमचा जातो.

आई पाण्यावर, बाबा वैरणीवर. बाबा धाकटीकडे वळून म्हणाले, तूच कर, तू तर नर्सच आहेस. हे म्हणताना त्यांच्या तोंडावर जे काही आलं, ते पाहून तिने मान खाली घातली.

दोन दिवस तिने मन लावून केलं. हात आठवत होते. लहानपणी ती धारा काढायचीच. फडकं गरम पाण्यात बुडवायचं, पिळायचं, कासेला धरायचं, तांबडीचं अंग शहारलं की तिच्या मांडीला डोकं टेकून तसंच बसायचं, मग अंगठा आणि दोन बोटांनी हळूहळू गाठी बाहेर आणायच्या. पिवळट, आंबूस वासाच्या. शुक्रवारी दुपारी चार घोट खरं दूध आलं, तर ती एकटीच गोठ्यात हसली. त्या दोन दिवसांत फोनला फार वेळ मिळाला नाही आणि मिळाला नाही म्हणून काही बिघडलंही नाही, हे तिच्या लक्षात आलं. त्यात भर म्हणजे घरात सिग्नल नव्हता. विहिरीच्या कठड्यावर, उत्तरेच्या कोपऱ्यात, पाय आत सोडून बसलं तरच दोन काड्या यायच्या.

शनिवारी आईबाबा दोघंही वैरण आणायला लांबच्या मळ्यावर गेले. दहाची पाळी तिने केली. बाराच्या आधी थोडा वेळ होता. चष्मेवालीने होस्टेलवर काय चाललंय ते कळवलं असेल, एवढं बघून यावं, म्हणून ती कठड्यावर गेली. चष्मेवालीने काही कळवलं नव्हतं. पण त्या व्हिडिओखाली आता वॉर्डातल्याच कोणीतरी लिहिलं होतं: हिच्या पेशंटचे हाल विचारा. त्याखाली चाळीस उत्तरं होती. तिने एकूण एक वाचलं.  मग ते विसरावं म्हणून दुसरं काही पाहिलं, मग तिसरं. आता उठू, हे संपलं की उठू, असं तिने किती वेळा ठरवलं ते तिलाच माहीत नाही. ऊन डोक्यावरून पाठीवर गेलं, मानेची कातडी भाजली, पायांना मुंग्या आल्या, तरी अंगठा चालूच. लांबून आईच्या सायकलची साखळी करकरली, तेव्हा तिने वर पाहिलं. तीन वाजून गेले होते.

ती धावली. तांबडी मागचा पाय फाकवून उभी होती. कासेला हात लावला तर गाईने लाथ झाडली, बादली लांब जाऊन पडली. आत दगड होता.

बाबांनी भारा उतरवता उतरवता विचारलं, "काढलंस ना वेळेवर?"

"बारा वाजता काढलं. दोन वाजताही काढलं," धाकटी म्हणाली. वेळा तोंडातून आपोआप आल्या, जसा पेनातून वीस आला होता.

रविवारी डॉक्टर आले, कास चाचपली आणि सड गेला म्हणाले. मध्ये खंड पडला होता का, असं त्यांनी विचारलं. बाबांना त्याचा राग आला. एरवी डॉक्टरांसमोर खाली बसून बोलणारा माणूस, उभा राहून म्हणाला, "नाही डॉक्टर. पोरीने घड्याळ लावून केलंय. नर्स आहे ती." डॉक्टरांनी धाकटीकडे पाहिलं आणि ते हात धुवायला गेले. धाकटी गव्हाणीतली वैरण उगाच सारखी करत राहिली. तिला वाटलं, आपण इथेच, या गाईच्या पायाखाली, नाहीसं व्हावं.

दुपारी ती कॅन विसळत होती. आई शेजारी येऊन बसली आणि दुसरा कॅन विसळायला लागली. 

मग आई म्हणाली, "तुझी मान भाजलीय. गोठ्यात बसून मान भाजत नाही."

धाकटीने हात थांबवला.

"मी काही विचारत नाही," आई म्हणाली. "गाईचं जे झालं ते झालं, तिला अजून तीन सड आहेत. पण उद्या तुझे बाबा त्या बाईंसमोर उभे राहून हेच बोलणार आहेत. जसं डॉक्टरला बोलले ना, तसंच. त्यांना दुसरं काही बोलता येत नाही."

एवढं बोलून ती कॅन उपडा घालून उठून गेली. तिने रागावून दोन थोबाडीत दिल्या असत्या तर धाकटीला हलकं वाटलं असतं.

सोमवारी बाबांनी थोरलीच्या लग्नातला शर्ट घातला. साबणाने दोनदा अंग घासलं होतं, पण गाईंमध्ये तीस वर्षं काढलेल्या माणसाचा वास साबणाने जात नाही. बसमध्ये शेजारची बाई सरकून बसली, कॉलेजच्या कारकुनाने त्यांना आत न बसवता व्हरांड्यातलं बाकडं दाखवलं. प्राचार्य मॅडम मीटिंगमध्ये होत्या, तासभर लागेल. धाकटी युनिफॉर्ममध्ये त्यांच्या शेजारी बसली. येणाऱ्याजाणाऱ्या मुली तिच्याकडे बघून पुढे जाऊन कुजबुजत होत्या. खिशात फोन होता. तिने तो बाहेर काढला, बंदच होता, तरी तिचा अंगठा काळ्या काचेवर दोनदा वर गेला. बाबांनी ते पाहिलं, पण त्यांना त्यातलं काही कळलं नाही.

"तो पेशंट आहे का अजून?" त्यांनी विचारलं. "त्यालाच विचारू की. त्याच्याइतका खरा साक्षीदार कोण?"

ती नको नको म्हणेपर्यंत बाबा उठले होते.

सुतारकाका परत वॉर्डात आले होते, अकरा नंबरलाच. नाकात नळी, पाठीमागे तीन उशा. मोठ्या सिस्टर दोन खाटा सोडून कोणाची तरी पट्टी बांधत होत्या. पन्नाशीच्या, सुजलेल्या पायांच्या, मधूनच खाटेचा दांडा धरणाऱ्या. त्यांनी बापलेकीला येताना पाहिलं आणि परत पट्टीत लक्ष घातलं. बाबांनी त्यांच्याकडे मुद्दाम पाठ केली, काकांना नमस्कार केला, आपण कोण ते सांगितलं आणि थेट विचारलं की त्या सकाळी ही पोरगी तुमच्यापाशी होती की नव्हती.

काका तुटक बोलत होते. चार शब्द, मग श्वास, मग चार शब्द.

"होती ना. चांगली बराच वेळ... हात धरून उभी होती. बाकीच्या दोन बोटं टेकवतात आणि जातात."

"ऐकताय ना सिस्टर?" बाबा वळून मोठ्याने म्हणाले. सिस्टरांनी वर पाहिलं नाही.

"मला तेव्हाच दम लागायला लागला होता," काका म्हणाले. "पहाटेपासूनच. तिला सांगणार होतो मी. पण ती मोजत होती." ते थांबले, श्वास गोळा केला. "मोजणाऱ्याशी मध्येच बोलू नये. आमच्या धंद्यात... माप घेताना कोणी बोललं की फळी वाया जाते. म्हटलं, होऊ दे पोरीचं मोजून. मग सांगू. पण मग ती गेली, आणि मला हाक मारायला जमेना."

बाबांनी समाधानाने मान हलवली. त्यांना हवं ते मिळालं होतं. हात धरून उभी होती, मोजत होती, पेशंट स्वतः सांगतोय. ते काकांना तब्येतीला जपा म्हणाले आणि धाकटीच्या खांद्यावर हात ठेवून तिला बाहेर घेऊन निघाले. धाकटीने दारातून एकदा मागे वळून पाहिलं. तो माणूस घुसमटत होता आणि तिचं मोजणं बिघडू नये म्हणून गप्प बसला होता. ती तेव्हा काय वाचत होती, तेही तिला शब्दन् शब्द आठवत होतं.

प्राचार्यांच्या खोलीत पंखा गरगरत होता. टेबलामागे प्राचार्य मॅडम, बाजूला ट्यूटर मॅडम, दाराशी मोठ्या सिस्टर. बाबांना खुर्ची दिली, पण ते बसले नाहीत. त्यांनी बसमध्ये मनात घोकून ठेवलेलं सुरू केलं. आम्ही साधी माणसं. पोरीला खोटं बोलायला शिकवलं नाही. परवा घरी गाय आजारी होती, दर दोन तासांनी हिने तिचं केलं, एक पाळी चुकवली नाही. जी मुलगी जनावराचं एवढं करते, ती माणसाचं करणार नाही? आत्ता पेशंटलाच विचारून आलोय. "या सिस्टरांनाही पोरंबाळं असतील," ते म्हणाले. "त्यांनी माझ्या पोरीवर कशाला ढकलावं?"

मोठ्या सिस्टर खाली फरशीकडे बघत होत्या. 

"मी मोजलं नव्हतं," धाकटी म्हणाली.

आवाज इतका बारीक आला की प्राचार्य मॅडमनी काय म्हणून विचारलं. मग तिला सगळं परत, मोठ्याने बोलावं लागलं. मनगट धरलं होतं, पण फोन बघत होते. नाडी अर्धी मोजली. श्वास मोजलाच नाही, वीस लिहिलं. काका आठ वाजताही धापत असतील, मी पाहिलं नाही. सिस्टरांची चूक नाही. टोपलीतला फोनही खरा नसतो, म्हणजे माझा खरा नसतो. बाकीच्यांचं तिने सांगितलं नाही आणि कोणी विचारलंही नाही. ट्यूटर मॅडम मात्र एकदम कोपऱ्यातल्या, फोन कुलपात ठेवायच्या कपाटाकडे बघायला लागल्या.

बाबा अजून उभेच होते. बोलताना वर केलेला हात तसाच राहिला होता, तो त्यांनी हळूच खाली घेतला.

पुढचं लवकर आटोपलं. सहा महिने मागे. परीक्षेला पुढच्या खेपेला, आणि मधले सहा महिने त्याच वॉर्डात, पहिल्या वर्षाच्या मुलींबरोबर. सिस्टरांनाही लेखी समज मिळाली, कारण विद्यार्थिनीची नोंद तपासायची जबाबदारी त्यांचीच होती. त्यांनी ती निमूट घेतली. "तेही खरंच आहे," त्या म्हणाल्या. "वीस दिसलं की मलाही बरं वाटतं. पुढे जाता येतं."

बाहेर व्हरांड्यात बाबा कठड्याला धरून उभे राहिले. रागावतील, हात उगारतील, असं धाकटीला वाटत होतं. ते खाली आवाराकडे बघत होते.

"तांबडीचं?" त्यांनी विचारलं.

"तेही. शनिवारी दहानंतर मी गेलेच नाही तिच्याकडे."

त्यांनी मान हलवली. बराच वेळ हलवतच राहिले. मग मोठ्या सिस्टर जिना उतरायला आल्या, तेव्हा बाबा वाटेतून बाजूला झाले आणि त्यांनी हात जोडले.  सिस्टर म्हणाल्या, राहू द्या. धाकटीने आयुष्यात बाबांना कोणापुढे असं उभं राहिलेलं पाहिलं नव्हतं. ते तिच्यामुळे झालं होतं, आणि हे आता कधीच पुसलं जाणार नव्हतं.

सिस्टर दोन पायऱ्या उतरल्यावर बाबा धाकटीला म्हणाले, "इथल्या मोठ्या लोकांना सांगितलंस. त्या म्हाताऱ्याला सांगितलंस का?"

"नाही."

"मग?"

वॉर्डात दुपारची औषधं वाटून झाली होती. काका जागे होते. धाकटी खाटेशी उभी राहिली. या खेपेला शब्द जुळवून ठेवायला वेळच मिळाला नव्हता.

"काका, त्या दिवशी मी मोजत नव्हते," ती म्हणाली. "फोन बघत होते. तुम्ही बोलला असतात तरी चाललं असतं."

काकांनी तिच्याकडे पाहिलं. मग तिच्या हातांकडे पाहिलं. त्यांच्या तोंडावर राग आला असता तर तिला सोसला असता. तिथे आधी नुसतं नवल आलं, आणि मग ते नवल हळूहळू ओसरून गेलं. त्यांनी मान खिडकीकडे वळवली. नळीतला ऑक्सिजन बुडबुडत होता. शेजारचा पेशंट कुशीवर वळला. धाकटी तशीच उभी राहिली. जा म्हणाले असते तर ती गेली असती, पण ते जाही म्हणत नव्हते.

बऱ्याच वेळाने, तोंड खिडकीकडेच ठेवून, काकांनी चादरीखालून हात बाहेर काढला आणि खाटेच्या कडेवर ठेवला. पालथा नव्हे, उताणा.

तिने मनगट धरलं. भिंतीवरच्या घड्याळाचा सेकंदकाटा बारावर यायची वाट पाहिली आणि डोळे छातीवर नेले. एक, दोन, तीन. काकांच्या गळ्याखालचा खळगा प्रत्येक श्वासाला आत ओढला जात होता. अकरा, बारा. खिशात फोन थरथरला. कोणीतरी चालू केला होता, म्हणजे तिनेच, जिना उतरताना, तिच्या नकळत. तेरा, की चौदा?

"चुकलं," ती म्हणाली. "परत पहिल्यापासून मोजते."

 तिने फोन खिशातून काढून मागे उभ्या असलेल्या बाबांकडे दिला. बाबांनी तो दोन्ही हातांत धरला. काटा परत बारावर आला. मिनिट एवढं मोठं असतं हे ती विसरलीच होती. तिसाव्या सेकंदाला तिचा डावा अंगठा आपोआप हलला, चाळिसाव्याला परत हलला, पण डोळे तिथेच राहिले.

"सव्वीस," ती म्हणाली.

मोठ्या सिस्टर कधी येऊन उभ्या राहिल्या होत्या ते कोणाला कळलं नाही. त्या खाटेच्या पलीकडच्या बाजूला गेल्या, काकांचं दुसरं मनगट धरलं आणि मनगटावरच्या घड्याळाकडे बघत पुरतं एक मिनिट मोजत राहिल्या. त्या मिनिटात त्या चौघांपैकी कोणी हललं नाही. मग त्यांनी हात सोडला आणि पायथ्याशी अडकवलेला चार्ट काढून धाकटीपुढे धरला.

"सव्वीस," त्या म्हणाल्या. "लिही."